गाइड रेल कापायची का, आणि कापायची तर कुठे?

ट्रॅक सॉ म्हणजे रेलवरून सरळ धावत प्लाय कापणारं गोल ब्लेडचं मशीन. त्याच्यासाठी तीन मीटरची गाइड रेल विकत घेतली की पहिला प्रश्न येतो तो ती वर न्यायची कशी याचा. सोसायटीची लिफ्ट आतून १.१ मीटर रुंद, १.४ मीटर खोल आणि २.२ मीटर उंच धरली, तर खालच्या कोपऱ्यापासून समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं अंतर २.८३ मीटर भरतं. त्यात रेलची रुंदी साधारण १९ सेंटिमीटर, म्हणजे टोकं कोपऱ्यात पूर्ण घुसतच नाहीत आणि प्रत्यक्षात फार तर २.७ मीटर हाती उरतात. मग जिना. वळणावळणावर भिंतीचा रंग खरवडत चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत ‘ही अर्धी करून टाकू’ हा विचार पक्का झालेला असतो.

तो विचार चुकीचा असतोच असं नाही, पण घाईचा नक्की असतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक नवख्यांनी रेल निदान सुरुवातीला कापू नये. कापायचीच झाली, तर जागा दोनच गोष्टींवरून ठरवावी: तुमच्या कामात येणारे काप, आणि तुमच्या मशीनचा तळ. मध्यावर खूण करून हॅकसॉ उचलला तर दोन तुकडे मिळतील खरे, पण त्यांतला एकही धड कामाचा नाही असंही होऊ शकतं.

आधी रेल नीट बघा

ट्रॅक सॉची रेल वरवर साधी पट्टी दिसते. उलटसुलट करून पाहा. वर मधोमध एक उंच धार असते, तिच्यावर मशीनच्या तळाची खाच बसते आणि मशीन सरळ धावतं. वरच्या बाजूला मशीन घसरावं म्हणून गुळगुळीत पट्ट्या चिकटवलेल्या असतात. खाली रेल प्लायवरून सरकू नये म्हणून फोमच्या पट्ट्या, आणि टी-आकाराच्या खाचा. या खाचांत क्लॅम्पचं तोंड जातं आणि दोन रेली जोडायची जोडपट्टीही यांतच बसते. कापाच्या बाजूला रबरी किंवा प्लॅस्टिकची कड असते. ती तुमच्याच ब्लेडने पहिल्या वेळी तासली जाते, त्यामुळे कड म्हणजेच कापाची रेघ. सनमायकाची कपची उडू नये म्हणून दाबून धरायचं कामही तीच करते.

रेल कापताना हे सगळंच कापलं जातं, आणि तुकडे परत जोडायचे तर हे सगळंच परत एका रेषेत यावं लागतं. जोडलेली रेल चालते, पण अखंड रेलची बरोबरी करत नाही. हे मान्य असेल तरच पुढे वाचा.

पायरी पहिली: कापांची यादी

कागद घ्या आणि गेल्या दोन-तीन कामांत कोणते काप मारलेत, किंवा येत्या कामात कोणते मारायचेत, ते लांबीप्रमाणे लिहा. आपल्याकडे प्लायचा पूर्ण पत्रा आठ बाय चार फुटांचा, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. घरगुती फर्निचरच्या कामात काप फिरून फिरून तेच येतात. पत्रा उभा फाडायचा २४४० चा काप. आडवा १२२० चा. सात फुटी वॉर्डरोबच्या बाजूंचा २१३४ चा. आणि किचनच्या खालच्या कपाटांचे, ड्रॉवरचे, फळ्यांचे ६०० च्या आतले काप, जे संख्येने सगळ्यांत जास्त असतात.

मिस्त्री बोलणार फूट, इंच आणि सुतात, रेलवर आकडा मिलिमीटरचा. यादी एकाच मापात करा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिमीहून किंचित जास्त. रेलच्या लांबीत सुताने काही बिघडत नाही, पण फूट-इंचाची मापं मनातल्या मनात मिमीत बदलताना शंभराची चूक सहज होते.

यादी झाली की उभ्या कापांवर खूण करा आणि स्वतःला विचारा, हे काप मलाच मारायचेत का? शहरांत पॅनेल सॉवर, म्हणजे अख्खा पत्रा फाडायच्या मोठ्या मशीनवर, पत्रे फाडून देणारी दुकानं आता मिळतात. पाच मिमी जास्त ठेवून पट्टे तिथेच फाडून आणले, तर घरी २४४० चा काप उरतच नाही आणि लांब रेलीची गरज निम्म्याने कमी होते. ज्यांच्याकडे जागा म्हणजे एक बाल्कनी आणि अर्धा हॉल, त्यांनी हा मार्ग रेल कापण्याआधी पाहावा. आठ फुटी पत्रा हॉलमध्ये आडवा करून एकट्याने फाडणं हे रेल कितीही चांगली असली तरी कटकटीचंच काम आहे.

पायरी दुसरी: मशीनला किती रेल लागते

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. १२२० चा काप मारायला १२२० ची रेल पुरत नाही. मशीनला कापाच्या अलीकडे उभं राहायला जागा लागते आणि पलीकडे बाहेर पडायलाही लागते.

प्लग काढा. मशीन रेलवर ठेवा, १८ मिमी प्लायसाठी खोली लावता तशी लावा, ब्लेड खाली दाबा आणि दोन मापं घ्या. पहिलं, तळाची पूर्ण लांबी. दुसरं, प्लायच्या वरच्या पृष्ठभागाच्या पातळीला ब्लेड पुढून मागे किती लांब आहे ते. हे दुसरं माप गणिताने काढणं सोपं. ब्लेड १६० मिमीचं, म्हणजे त्रिज्या ८०. दात प्लायच्या खाली २ मिमी निघावेत, म्हणजे ब्लेड एकूण २० मिमी आत. तर ब्लेडचं केंद्र प्लायच्या ६० मिमी वर राहतं. ८० चा वर्ग ६४००, त्यातून ६० चा वर्ग ३६०० गेला, उरले २८००. त्याचं वर्गमूळ ५२.९, दुप्पट केलं की जवळपास १०६ मिमी.

आता काप सुरू करताना ब्लेडचा पुढचा दात प्लायच्या कडेच्या अलीकडे हवा, आणि संपवताना मागचा दात पलीकडच्या कडेच्या बाहेर जायला हवा. या सगळ्या वेळात तळ पूर्णपणे रेलवर ठेवायचा, तर कापाच्या लांबीत मिळवायची जास्तीची रेल म्हणजे तळाची लांबी अधिक ब्लेडची ती १०६ मिमी. ब्लेड तळाच्या पुढच्या भागात आहे की मागच्या, याने बेरीज बदलत नाही. एकीकडे वाढतं ते दुसरीकडे कमी होतं. तळ ३०० मिमीचा धरला तर जास्तीची रेल ४०६ मिमी, आणि १२२० च्या कापाला १६२६ मिमीची रेल.

मग लोक १४०० च्या रेलवर चार फुटी काप कसे मारतात? तळाचा थोडा भाग रेलबाहेर लोंबकळला तरी चालतो म्हणून. तळाला रेलशी ढिलेपणा काढायचे दोन स्क्रू किंवा खटके असतात, एक पुढे आणि एक मागे. ते दोन्ही रेलवर आहेत तोवर मशीन डुलत नाही. शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये पुढचा खटका बाहेर गेला तरी मागून हात स्थिर असेल तर काप बिघडत नाही. सुरुवातीला मात्र ही सवलत नाही. ब्लेड आत दाबायच्या क्षणी मशीन डुललं तर कड खराब होते, आणि मशीन मागे उसळायचा धोका सगळ्यात जास्त तेव्हाच असतो. म्हणून जास्तीची रेल दोन्हीकडे समान वाटू नका. १४०० ची रेल १२२० वर ठेवताना उरणाऱ्या १८० मधले १२० सुरुवातीच्या बाजूला आणि ६० शेवटाला द्या.

मी धरून चालतो तो हिशेब असा: कापाहून १८० मिमी जास्त हे किमान, २५० ते ३०० आरामाचं. ६०० च्या कापाला ८०० ची रेल पुरते. १२२० ला १४०० किमान, १६०० उत्तम. २१३४ ला २४००. पूर्ण पत्रा उभा फाडायला २७००. तुमच्या मशीनचा तळ फार लांब असेल तर हे आकडे वर सरकवा.

या हिशेबातून एक गोष्ट सरळ निघते. तुमच्याकडे १४०० ची रेल असेल, तर ती कधीही कापू नका. लहान कपाटांच्या कामात ती मोठी वाटते, टेबलावरून पुढे येते, कोपर लागतं, सगळं खरं. पण दहा सेंटिमीटर जरी छाटलीत तरी चार फुटी आडवा काप हातचा गेला, आणि घरकामात त्याच्याइतका कामाचा काप दुसरा नाही. लहान रेल हवी असेल तर लहान रेल वेगळी घ्या.

पायरी तिसरी: रेल सरळ आहे का

कापण्याआधी हे तपासायलाच हवं, कारण वाकडेपणा कुठे आहे यावरून कधीकधी कापायची जागा आपोआप ठरते. प्लायच्या पत्र्यावर रेल ठेवा, ॲल्युमिनियमच्या कडेला लागून टोकदार पेन्सिलने बारीक रेघ ओढा. रबरी कडेला नको, ती दबते. आता रेल टोकाकडून टोकाकडे फिरवा, म्हणजे तीच कड रेघेच्या दुसऱ्या बाजूने येईल, आणि पुन्हा रेघ ओढा. रेल सरळ असेल तर दोन्ही रेघा एकावर एक बसतात. मध्ये फट दिसली तर खरा वाकडेपणा तिच्या निम्मा.

टेम्पोतून येताना कोपऱ्यावर पडलेल्या रेलीचं टोक बहुतेक वेळा नुसतं चेपलेलं असतं. मशीन रेलवर सरकवत टोकापर्यंत न्या. शेवटच्या दहा-पंधरा सेंटिमीटरमध्ये अडखळत असेल तर धार तिथे दबली आहे. हे कापण्याचं सगळ्यात चोख कारण. खराब भागाच्या पुढे दोन सेंटिमीटर घ्या आणि तेवढंच छाटा. ‘आता कापतोच आहे तर’ म्हणून जास्त छाटायचा मोह आवरा.

पायरी चौथी: न कापता कापून पाहा

दोन चाचण्या आहेत, दोन्ही फुकट.

वाहतुकीसाठी: जेवढा तुकडा करायचं मनात आहे, तेवढ्या लांबीची एक स्वस्त लाकडी पट्टी किंवा पीव्हीसी पाइप घ्या आणि दोन्ही टोकांना १९ सेंटिमीटर रुंदीचा पुठ्ठा आडवा बांधा. ती लिफ्टमध्ये, गाडीत, जिन्याच्या वळणावर नेऊन बघा. नुसता पाइप बसतो म्हणून रेल बसेल असं नाही. वर दिलेलं लिफ्टचं गणित रुंदी विसरल्यावर तेरा सेंटिमीटरने चुकतं.

कामासाठी: रेलवर जिथे कापायचं वाटतं तिथे लाल टेप गुंडाळा आणि पुढचं एक अख्खं काम टेपच्या पलीकडची रेल नाहीच असं समजून करा. टेपच्या पलीकडे मशीन किती वेळा जाऊ पाहतं, त्यावरून उत्तर कळेल. रेल कापली की परत चिकटत नाही आणि विकायला काढली तर कापलेल्या रेलीला किंमतही कमी येते. तेवढी कळ काढायला हरकत नाही.

कुठे कापायची

बाजारात मिळणाऱ्या लांब्या एकदा नजरेखाली घाला, कारण कंपन्यांनी त्या काही विचार करून ठेवल्या आहेत. फेस्टूलच्या ८००, १०८०, १४००, १९००, २४००, २७००, ३००० आणि चक्क ५००० मिमीच्या रेली येतात. मकिताच्या १०००, १४००, ३००० वगैरे. बॉशच्या एफएसएन मालिकेत ८००, ११००, १६००, २१०० आणि ३१००. तुम्ही कापून जो तुकडा करणार तो यांतल्या कशाच्या जवळ जातो हे बघा. कशाच्याच जवळ जात नसेल, तर दहादा विचार करा.

आता ३००० च्या रेलीचंच उदाहरण घेऊ, कारण प्रश्न बहुतेकदा तिचाच असतो. मार्ग चार.

एक, २७०० आणि ३००. रेल पत्रा फाडण्याच्या कामाची राहते, फक्त थोडी आटोपशीर होते. भिंत किंवा माळा थोडक्यात आड येत असेल तर हा उपाय बरा. लिफ्टसाठी मात्र जेमतेमच, पुठ्ठ्याची चाचणी केल्याशिवाय नको. उरलेला ३०० चा तुकडा परत जोडून ३००० करायच्या फंदात पडू नका. तो सांधा प्लायच्या कडेजवळ किंवा बाहेर हवेत येतो, खालून आधार नसतो, आणि मशीनचा सगळा भार सुरुवातीला तिथेच पडतो. तुकडा टाकू मात्र नका. क्लॅम्प आणि जोडपट्टी खाचेत कशी बसते हे बघायला, नवी रबरी कड लावायचा सराव करायला, छोट्या जिगला (काम धरायच्या साच्याला) तो कामी येतो.

दोन, १६०० आणि १४००. मला हा पटतो. दोन्ही तुकडे चार फुटी आडवा काप मारतात. एक घरी, एक साइटवर ठेवता येतो. आणि जोडल्यावर परत जवळपास ३००० होतात. जोडलेल्या रेलीचा सांधा कुठे येतो ते बघा: सुरुवातीला ३०० मिमी रेल पत्र्याबाहेर ठेवली आणि १६०० चा तुकडा आधी लावला, तर सांधा पत्र्याच्या कडेपासून १३०० वर, बरोबर मध्याच्या आसपास, खाली भक्कम प्लाय. सांध्याला यापेक्षा चांगली जागा नाही. ब्लेड जे दोन-तीन मिमी खाईल ते १६०० च्या वाट्याला टाका, १४०० पूर्ण राहू द्या.

तीन, १९०० आणि ११००. कागदावर छान दिसतं, मोठी एक आणि छोटी एक. पण १९०० ची रेल आडव्या कापाला उगाच लांब आणि सात फुटी बाजूला अपुरी. ११०० वर १२२० होत नाही. ज्याचं सगळं काम किचनच्या डब्यांचं आहे, पत्रे फाडूनच येतात, त्याला ११०० चा तुकडा दिवसभर हातात आवडेल. बाकीच्यांनी हा मार्ग सोडावा.

चार, रेल कापायचीच नाही, तळमजल्यावर किंवा ओळखीच्या गोडाऊनमध्ये ठेवायची आणि रोजच्या कामाला ८०० किंवा १४०० ची वेगळी घ्यायची. खिशाला परवडत असेल तर हाच सगळ्यात शहाणपणाचा मार्ग, आणि याबद्दल फार लिहिण्यासारखं काही नाही.

तीन तुकडे करायचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका. दोन सांध्यांची रेल सरळ करता करता अर्धा दिवस जातो.

रेलीला फळ्यांच्या पिनांसाठी ३२ मिमीवर ओळीने भोकं असतील तर जागा आणखी काटेकोर हवी. दोन भोकांच्या बरोबर मधोमध कापा. ब्लेडने २.२ मिमी खाल्ले की दोन्ही बाजूंना टोकापासून भोकाच्या केंद्रापर्यंत १६ ऐवजी १४.९ मिमी उरतात. जोडताना टोकं भिडवलीत तर सांध्यावरचं अंतर २९.८ होईल आणि पुढची सगळी भोकं सरकतील. मध्ये २.२ मिमीची फट ठेवली की ३२ परत जमतात. अशी रेल मी स्वतः न कापता दुसरी साधी कापेन.

कापायचं कसं

माप कारखान्याच्या टोकापासून घ्या. जागेवर मास्किंग टेप लावा आणि ॲल्युमिनियमच्या सरळ कडेला गुण्या लावून टेपवर रेघ ओढा. वरच्या गुळगुळीत पट्ट्या आणि खालचे फोम रेघेवर कटरने कापून दोन्हीकडे दोन-दोन सेंटिमीटर उचलून ठेवा, म्हणजे ब्लेडला चिकटून वितळणार नाहीत. नंतर त्याच जागी दाबून बसवता येतात. रबरी कडही कटरनेच कापा.

मायटर सॉ (ब्लेड वरून खाली आणून आडवा काप मारायचं मशीन) वापरायचा तर तो स्लाइडिंगच, म्हणजे ब्लेड पुढे-मागे सरकणाराच हवा. साधा दहा इंची मायटर सॉ इतकी रुंदी एका दमात घेत नाही, आणि रेल फिरवून दुसऱ्या बाजूने कापली की पायरी पडते. ब्लेड ॲल्युमिनियमसाठीचं, एक दात सपाट आणि एक दात कोपरे छाटलेला अशा घडणीचं, बारीक दातांचं. लाकडाचं मोठ्या दातांचं ब्लेड ॲल्युमिनियमला हिसका देऊन पकडतं. रेलीच्या खालच्या पोकळीत बसतील अशा लाकडी पट्ट्या घाला, म्हणजे ती डुलणार नाही. दोन्ही बाजूंना क्लॅम्प लावा. दातांना मेणबत्ती घासली की कण चिकटत नाहीत. हळू, पण न थांबता कापा.

दुसरी रेल असेल तर ट्रॅक सॉनेच कापता येते. टाकाऊ प्लायवर रेल ठेवायची, तिच्या दोन्ही बाजूंना तेवढ्याच उंचीच्या पट्ट्या लावायच्या, वर दुसरी रेल काटकोनात बांधायची आणि ॲल्युमिनियमचं ब्लेड लावून कापायचं. धूळ ओढायच्या मशीनमधला लाकडाचा भुसा आधी रिकामा करा. गरम धातूचे कण भुशात जाऊ देणं बरं नाही.

यांतलं काहीच नसेल तर दर इंची २४ दातांचा हॅकसॉ पुरेसा आहे. वेळ लागतो, हात दुखतो, पण रेघ पाळता येते आणि उरलेलं कानशीने सरळ होतं. ग्राइंडर मात्र नको. ॲल्युमिनियम चाकाच्या खरखरीत थरात भरून बसतं, चाक तापतं आणि फुटायची भीती असते.

खरं सांगायचं तर नवख्याने हे स्वतः करण्यापेक्षा स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडे जावं. गावोगावी ॲल्युमिनियम सेक्शनचं काम करणारे असतात, त्यांच्याकडे कटिंग मशीन असतं आणि दिवसभर ते हेच कापत असतात. मशीनला तुमच्या रेलीची रुंदी झेपते का ते आधी विचारा. पोकळीत घालायच्या लाकडी पट्ट्या स्वतः घेऊन जा, नाहीतर रेल थेट लोखंडी टेबलावर घासत जाईल. आणि खूण तुमच्या गुण्याने करा. खिडकीच्या फ्रेमला चालतं ते सगळंच इथे चालत नाही.

चष्मा, कानांना संरक्षण आणि बाह्या वर. हातमोजे फिरत्या ब्लेडजवळ नकोत.

कापल्यावर

टोक कानशीने हलकं मोडून घ्या, विशेषतः मधल्या धारेची सुरुवात आणि टी-खाचांची तोंडं. धारेच्या टोकाला किंचित उतार दिला की मशीन रेलवर चढताना अडखळत नाही. मग बारीक पॉलिश पेपर. क्लॅम्प आणि जोडपट्टी खाचेत सरकवून बघा. अडत असेल तर आत कुठेतरी बर, म्हणजे कापताना उठलेली धातूची बारीक कड, राहिली आहे. शेवटी ब्रशने फोमच्या पट्ट्या झाडा. त्यात अडकलेला एक चकाकता कण सनमायकावर लांबच लांब ओरखडा काढतो.

तुकडे जोडताना टोकं एकमेकांना भिडवू नका. काप काटकोनात केसभर जरी चुकला असेल तर भिडलेली टोकं रेलीला कोन देतात. मिमीभर फट ठेवा. जोडपट्टी दोन्ही तुकड्यांत निम्मी-निम्मी जाऊ द्या, खाचा दोन असतील तर दोन पट्ट्या लावा. वर चार फुटी लेव्हलपट्टी मधल्या धारेच्या बाजूला टेकवा, सांधा तिच्या मध्यावर ठेवा आणि मग स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून आवळा. फार आवळले की स्क्रू ॲल्युमिनियममध्ये खड्डा पाडतात आणि सांधाच उचलला जातो.

लेव्हलपट्टीखाली सांध्याजवळ अर्धा मिमी फट दिसली तर ‘अर्धा मिमीच आहे’ म्हणू नका. १२०० च्या पट्टीखाली मध्यावर अर्धा मिमी म्हणजे दोन तुकड्यांत सहाशेला एक असा कोन. सांध्यापासून १२०० मिमी पुढे गेल्यावर काप दोन मिमी सरकलेला असेल. वॉर्डरोबच्या दोन बाजू जुळवताना ते लगेच दिसतं.

रबरी कड जुनीच असेल तर ती दोन्ही तुकड्यांवर तुमच्या ब्लेडला जुळलेलीच आहे, तिला हात लावू नका. बदलायची वेळ आली तर दोन तुकड्यांवर वेगवेगळी तासू नका. आधी रेली जोडा, सरळ करा, मग दोन्हींवर नवी कड लावून एकाच फेरीत तासा. आणि कापलेल्या टोकांवर पर्मनंट मार्करने खूण करून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी जोडताना तीच दोन टोकं समोरासमोर येतील.